इथं कशासाठी ठेवलंय?

पाचारण फक्त पाळकांना असतं, अशी आमच्याकडे पुष्कळांची समजूत आहे. कुणी सेमिनरीत गेला तर त्याला देवानं बोलावलं. बाकीच्यांनी रविवारी उपासनेला यावं, अर्पण द्यावं, मुलांची शिक्षणं नि लग्नं करावीत, एवढंच. मी मिशन दवाखान्यात नर्स म्हणून काम केलं, तिथूनच निवृत्त झाले, आणि नगर जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीची सभासद आहे. संडे स्कूलमध्ये शिकवलेली मुलं आता मोठी झाली. ती घरी येतात, चहा पिऊन झाल्यावर थोडी घुटमळतात आणि विचारतात, "आंटी, देवानं मला कशासाठी ठेवलंय, हे कळायचं कसं?" त्यांच्याशी वेळोवेळी जे बोलले, ते इथं लिहून काढते आहे.

१. मोठ्या हाकेची वाट पाहत बसू नये. बहुधा आधी गरज दिसते, हाक मागाहून कळते.

पंडिता रमाबाईंचं केडगावचं काम पाहिलं की वाटतं, त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं स्पष्ट दिसत असेल. तसं नव्हतं. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते मुख्यतः उच्च मानलेल्या जातींतल्या विधवांच्या शिक्षणासाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. दौंड तालुक्यात केडगावला जमीन घेतली, ती फळबागेच्या उत्पन्नातून सदनाचा खर्च निघावा म्हणून. मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली अन्नावाचून मरताहेत, भलत्यांच्या हाती सापडताहेत, हे कळल्यावर रमाबाई तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर त्या मुलींचा संसार थाटला गेला. मुक्ती मिशन असं सुरू झालं. १९००च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. कुठल्याही कागदावर आधी आखलेला हा बेत नव्हता. मात्र एक गोष्ट होती: रमाबाईंनी स्वतः तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले होते. उपाशी पोरीकडे पाहताना त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

ज्यांना बाप्तिस्मा होऊनही कोरडं कोरडं वाटतं, त्यांना मी याच बाईंची आणखी एक गोष्ट सांगते. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३ साली झाला. पण धर्म सापडला तरी ख्रिस्त अजून सापडला नव्हता, आणि तो भेटायला पुढे सुमारे आठ वर्षं गेली, असं त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. एवढ्या विदुषीला इतका काळ लागला. आपणही घाई करू नये, आणि निराशही होऊ नये.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला काही वाणी ऐकू आली नाही. जनरल वॉर्डात काही पेशंट असे असत की भेटीच्या वेळेत सगळ्या खाटांभोवती माणसं आणि त्यांच्या खाटेपाशी कुणीच नाही. कुणी दूरच्या ऊसतोडीच्या टोळीतून आलेलं, कुणाला मुलांनी भरती करून सोडून दिलेलं. ड्यूटी संपल्यावर मी त्यांच्यापाशी बसायला लागले. जेवण भरवायचं, केस विंचरायचे, घरचा पत्ता आठवतो का विचारायचं. यालाच पाचारण म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. काम मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं.

२. वचन रोज वाचावं. चिठ्ठी काढून रस्ता ठरवू नये.

एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्याकडे वचनाची कार्डं वाटतात. डोळे मिटून एक उचलायचं आणि ते वर्षभर बायबलमध्ये जपून ठेवायचं. मलाही ते आवडतं, दुखण्याखुपण्यात त्या एका ओळीचा आधार होतो. पण कार्डावर प्रवासाचं वचन आलं म्हणून नोकरी सोडणारी आणि विवाहाचं आलं म्हणून पहिल्याच स्थळाला होकार देणारी मुलं मी पाहिली आहेत. दिलासा म्हणून घ्यायची गोष्ट नकाशा म्हणून वापरली की नुकसान होतं. संदेष्ट्यानं बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं वाक्य उचलून आपण पुण्यातल्या फ्लॅटच्या कर्जाला लावतो. आधी ते कुणाला, कुठल्या संकटात सांगितलं होतं, हे वाचायला नको का?

त्यापेक्षा सलग वाचावं. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. रोज पाच घेतली तर महिन्यात संपतात, आणि माणसाच्या मनात येणारी प्रत्येक भावना त्यात भेटते. राग, सूडाची इच्छा, देवावरचा रुसवा, सगळं. मार्कच्या शुभवर्तमानाचे सोळाच अध्याय आहेत. एका निवांत दुपारी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून पाहावं. येशू कुणाजवळ थांबतो, कुणाला शिवतो, कुणावर चिडतो, गर्दी सोडून प्रार्थनेला कधी जातो, हे एकसलग वाचताना जसं दिसतं तसं तुकड्यातुकड्यांनी दिसत नाही. दिशा कळते ती अशा सवयीतून. त्याचं चालणं ओळखीचं झालं की तो कुठे वळेल याचा अंदाज येऊ लागतो.

वेळ मात्र ठरलेली हवी. माझी पहाटेची आहे, कारण नर्सला दिवस सुरू झाल्यावर स्वतःचा असा वेळ राहत नाही. घरात लहान मूल असेल तर दुपारची ठरवा, रात्रपाळी असेल तर घरी आल्यावरची.

३. आपली दिशा आपण एकट्यानं ठरवू नये.

नर्सिंग झालेल्या आमच्या मुलींसमोर हमखास एक प्रश्न असतो: आखातात जायचं की इथंच राहायचं? तिकडे पगार कितीतरी पट. घरी धाकटी भावंडं, बापाचं कर्ज. मग त्या माझ्याकडे येतात आणि विचारतात, "देवाची इच्छा काय असेल?" मी त्यांना सरळ उत्तर कधी देत नाही. पैसे कमवायला जाणं हे पाप नाही. आईबापांचं कर्ज फेडणं हीही देवाची आज्ञा पाळणंच आहे. आणि इथं राहणं आपोआप पवित्र होत नाही.

मी म्हणते, तुला ओळखणाऱ्या तीन माणसांना विचार. त्यांतलं एक तरी वयानं मोठं असू दे, आणि एक असं असू दे की जे तुला नाही म्हणायला घाबरत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पौल आणि बर्णबा दोघे आपापलं ठरवून निघाले नाहीत. अंत्युखियाच्या मंडळीनं उपास केला, प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले आणि मग त्यांना पाठवलं. आजकाल आपण निर्णय घेऊन झाल्यावर मंडळीत साक्ष द्यायला उभे राहतो. आधी विचारत नाही. आमच्या स्त्रियांच्या सभेतल्या एक आजी, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या, मुलीचं बोलणं ऐकून घेऊन एवढंच विचारतात, "तिकडं गेल्यावर रविवारी कुठं जाशील?" अनेकींनी याचा विचारच केलेला नसतो. ज्यांनी केलेला असतो, त्या तिकडेही टिकतात. अशा दोघी-तिघींनी दुबई-कुवेतमध्ये आपल्या मराठी लोकांना जमवून प्रार्थनासभा चालू ठेवल्या आहेत, आणि त्यांची पत्रं आली की आजी ती वाचून घेतात.

४. आजारी माणसापुढे साक्ष द्यायची ती हातांनी.

हे मी थोडं कडक शब्दांत सांगते, कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. खाटेवर पडलेला माणूस दुबळा असतो. सलाईन लावलेला हात हलवता येत नाही, उठून जाता येत नाही, आणि तुमच्या हातून औषध घ्यायचं असल्यानं तुम्हाला दुखवताही येत नाही. त्याच्या कानाशी उपदेश करणं म्हणजे त्याच्या असहायतेचा फायदा घेणं आहे. आमच्या दवाखान्यात सकाळची प्रार्थना व्हायची. ज्याला ऐकायची तो ऐकायचा, ज्याला नको तो कूस वळवायचा. कुणी विचारलं, "सिस्टर, तुम्ही आमचं एवढं का करता?" तर मी खरं उत्तर द्यायची, येशूचं नाव घेऊन, न लाजता. न विचारता नाही.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, उतारशाळेचे पैसे भरले, परत येताना उरलेला खर्च देईन म्हणाला. जखमी माणसाला त्यानं एकही धर्माचा प्रश्न विचारल्याचं लूकनं लिहिलेलं नाही. ख्रिस्ती जीवनाचा हेतू माणसं मोजण्यात आहे, असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी. माझ्या हातून बरे होऊन गेलेल्यांपैकी बहुतेक आपापल्या देवाला नमस्कार करत घरी गेले. मला त्यात काही हरल्यासारखं कधी वाटलं नाही.

५. घरातल्या माणसाला आपल्या दिशेनं ओढत नेऊ नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या, आणि त्या बातमीनं त्यांच्यावर आभाळ कोसळलं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो पुष्कळ, पण त्या वर्षांतलं दुःख त्या हसण्याखालून सारखं जाणवत राहतं. नवऱ्याला सत्य सापडलं आणि बायकोचा संसार उधळला, असं ते होतं. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या, पण टिळकांच्या मागून फरफटत नाही. जातिभेद माणसानं केला की देवानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, स्वतःच उत्तर शोधलं, आणि सोवळं-ओवळं स्वतःच्या हातानं सोडलं. ख्रिस्त त्यांना त्यानंतर उमगत गेला. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ओढून आणलेल्या माणसाच्या हातून असं काम होत नाही.

आपल्या घरांत याच्या उलट चित्र पुष्कळदा दिसतं. बाप कॉटेज मीटिंग घेतो आणि घरी मुलांशी बोलत नाही. आई उपासावर उपास करते आणि सुनेला टोचून बोलते. तरुण मुलगा नव्या उत्साहानं भारावतो आणि आजीच्या जुन्या भजनांना मेलेली म्हणतो. देवाची दिशा ज्याला सापडली, त्याच्या घरातली माणसं निदान पहिल्यापेक्षा निर्धास्त व्हायला हवीत. मी नव्या विश्वासणाऱ्यांना सांगते: वर्षभर घरात कुणाला उपदेश करू नका. भांडी घासा, दळण आणा, आजारी सासऱ्याचे पाय चेपा. कुणी विचारील तेव्हा बोला.

६. काम बदललं म्हणजे पाचारण सुटलं, असं नव्हे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांची गोष्ट आमच्या जिल्ह्यातली. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. १९६० मध्ये लग्न करताना त्यांनी खेड्यातल्या गरिबांची सेवा करण्याचं व्रत घेतलं. आधी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. तिथं त्यांच्या लक्षात आलं की दवाखान्यात बसून कितीही रुग्ण तपासले तरी तीच दुखणी घेऊन तीच माणसं परत येतात, कारण खराब पाणी, अपुरं अन्न, अंधश्रद्धा आणि जात ही मुळं गावात आहेत. मग ते अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. गावोगावच्या बायकांना, ज्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, लसीकरण, कुष्ठरोग्याला घरात ठेवणं, हे सगळं त्या बायका करू लागल्या. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्यासाठी मी ही गोष्ट सांगत नाही. लग्नाच्या वेळचं व्रत त्यांनी मोडलं नाही आणि ते पाळण्याची पद्धत बदलायला कचरले नाहीत, यासाठी सांगते.

पौलाला आशियात वचन सांगायचं होतं, अडवलं गेलं. बिथुनियात जायचा प्रयत्न केला, तेही नाही. मग त्रोवसात रात्री दृष्टांत झाला आणि तो मासेदोनियाला गेला. दोनदा वाट अडली म्हणून तो घरी परतला नाही. आमच्या एका मुलाला सेमिनरीत प्रवेश मिळाला नाही, तेव्हा त्यानं देवाशीच अबोला धरला. तो आज आश्रमशाळेत शिक्षक आहे. पारध्यांच्या मुलांना तो ज्या मायेनं अंघोळ घालतो, नखं काढतो, पाढे शिकवतो, ते पाहिल्यावर मला त्याच्या पाचारणाबद्दल तिळमात्र शंका राहिलेली नाही. त्याला स्वतःला अजून थोडी आहे.

७. कापणीच्या सणाला काय नेतो, ते पाहावं.

खेड्यातल्या आमच्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला लोक ज्वारी, बाजरी, कोंबडी, अंडी, भोपळे, जे पिकलं ते घेऊन येतात. उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. एका बाईनं आणलेलं अंड्यांचं टोपलं दुसरा चढ्या भावानं घेतो आणि परत अर्पण करतो, पुन्हा लिलाव. मोठी मौज असते. पण त्या दिवशी माणूस कळतो. निवडून चांगलं आणलंय की घरात उरलेलं, हे सगळ्यांना दिसतं. पैशाचा हिशेब हीच माणसाची खरी प्रार्थनेची वही आहे. दशांश द्यावा की नाही यावर वाद घालण्यापेक्षा मागच्या महिन्याचा खर्च एकदा लिहून काढावा.

८. दमलेल्या माणसानं आयुष्याची दिशा ठरवू नये.

एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवानं त्याला त्या वेळी काही शिकवलं नाही, रागावलाही नाही. त्याला झोपू दिलं. दूतानं उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. पुढे होरेबला पोचल्यावर मग प्रश्न विचारला. नर्स म्हणून मला ही गोष्ट अगदी बरोबर वाटते. लागोपाठ रात्रपाळ्या केलेली मुलगी रडत सांगते की देवानं मला सोडलं, तेव्हा मी तिला आधी जेवायला वाढते. तिच्या रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्यायला लावते. पुष्कळदा आत्मिक कोरडेपणामागे झोप नसते, लोह नसतं, किंवा खराखुरा नैराश्याचा आजार असतो आणि त्याला डॉक्टर लागतो. त्याला अविश्वास म्हणणाऱ्या उपदेशकांनी फार माणसं दुखावली आहेत. शब्बाथ देवानं आज्ञांमध्ये घातला तो उगीच नाही.

९. निवृत्ती नोकरीतून मिळते.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, थोडं शिकलेल्या बाईलाही ते वाचून कळावं म्हणून. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल केडगावच्याच छापखान्यातून बाहेर आलं. खिळे जुळवणाऱ्या, कागद लावणाऱ्या, बांधणी करणाऱ्या बहुतेक मुक्तीतल्याच बायका होत्या. त्यांच्यात दुष्काळात वाचलेल्या मुली असणार. त्यांची नावं मला कुठे मिळालेली नाहीत. मिळाली असती तर संडे स्कूलमध्ये पाठ करून घेतली असती.

आमच्या भागात एकेका पाळकसाहेबांकडे बऱ्याच मंडळ्या असतात. प्रत्येक गावाला दर रविवारी त्यांना पोचता येत नाही. ज्या रविवारी ते येत नाहीत त्या रविवारी चर्चचं दार बंद राहायचं. आम्ही काही निवृत्त बायकांनी गावं वाटून घेतली आहेत. एक शिक्षिका होती, ती वाचन आणि संदेश घेते. एकीचा आवाज चांगला आहे, ती पेटी घेऊन भजनं बसवते. प्रभुभोजन आम्ही देऊ शकत नाही, पण ज्यांना खाटेवरून उठता येत नाही त्यांची यादी करून पाळकसाहेबांना देतो आणि ते येतील तेव्हा त्यांच्यासोबत घरोघरी जातो. माझ्याकडे ती यादी आणि आजाऱ्यांचं काम आलं आहे. रक्तदाब मोजते, मधुमेहाच्या गोळ्या संपल्यात का बघते, ज्यांना दिसत नाही त्यांना स्तोत्र वाचून दाखवते. वस्तीवरच्या दोन घरांत जायला वाहन मिळत नाही, तिथं दुधाच्या टेम्पोतून जावं लागतं. टेम्पोवाला ख्रिस्ती नाही, तो पैसे घेत नाही आणि शनिवारी रात्रीच फोन करून विचारतो, "सिस्टर, उद्या किती वाजता?"